हिरव्याच्या पोटात

मी भित्री आहे. हे लग्न ठरवतानाच सांगायला हवं होतं, असं नवरा म्हणतो. पाल, वीज, विहिरीचा काठ यांची भीती चारचौघींना वाटते तेवढी मलाही वाटते, त्यात विशेष काही नाही. माझी खरी भीती वेगळी आहे. ज्याला तोंड आहे पण ते हलत नाही, अशा कशाचीही मला भीती वाटते. नारायणगावला साडी घ्यायला गेले तरी मी दुकानातल्या पुतळ्यांकडे पाठ करून बसते आणि दुकानदाराला वाटतं, बाईला माल पसंत नाही.

याचं मूळ कुठं आहे ते मला ठाऊक आहे. माझं माहेर घोडेगावच्या बाजूचं. तिथं यात्रेत सोंगं निघायची. मोठाले मुखवटे चढवून गावातलीच माणसं नाचत यायची. मी तेव्हा अगदी लहान. दिवस मावळत होता आणि एक काळा मुखवटा, दात बाहेर आलेला, सगळ्यांना सोडून नेमका माझ्याकडे नाचत आला. मी आईच्या पदरात शिरले. मला हसवायचं म्हणून त्यानं मुखवटा वर उचलला, तर आतून माझ्या वडिलांचा घामेजलेला चेहरा बाहेर आला. सगळे खो-खो हसले. मी मात्र जी किंचाळले ती ताप भरेपर्यंत रडत राहिले. मुखवट्याची भीती वाटली होतीच, पण त्याच्या आत आपलं माणूस निघालं, हे मला त्याहून भयंकर वाटलं. नंतर बरेच दिवस मी वडिलांच्या मांडीवर बसले नाही. ते बिचारे रोज खिशातून लिमलेटच्या गोळ्या आणत आणि लांबूनच हात पुढे करत.

माझी मुलगी याबाबतीत माझी वाटतच नाही. ती चार वर्षांची आहे. जेवताना तिला मोबाइल लागतो आणि मोबाइलवर एकच गोष्ट लागते. जपानमधला लहान मुलांचा कुठलासा कार्यक्रम आहे. कार्टून नव्हे. त्यात खरी माणसं मोठमोठ्या बाहुल्यांच्या पोशाखात शिरून दात घासतात, कवायत करतात, एकमेकांच्या अंगावर धपकन पडतात. त्यातला एक हिरवा. भोपळ्यासारखं गोल पोट, आखूड हात, डोक्यावर एकच पान आणि ताटलीएवढे डोळे. ते डोळे कधी मिटत नाहीत आणि तोंड कायम उघडं. त्याचं काहीतरी नाव असणारच, पण ती भाषा आमच्यात कुणाला येते? आम्ही त्याला हिरवा म्हणायचो. पोरीला मात्र सगळं कळायचं. कार्यक्रम संपताना हिरवा उजवा हात वर करून सावकाश हलवतो. तीही गालात घास धरून त्याला हात करायची आणि मगच तो घास गिळायची. मी तेवढ्या वेळात भांडी उचलायला जायचे.

माझे धाकटे दीर नारायणगावला मांडव आणि डेकोरेशनचं काम करतात. हल्ली आमच्याकडे पोरांचे वाढदिवसही लग्नासारखे होतात. त्यात पोशाखातले बाहुले नाचवायची पद्धत आली, तसे भाऊजींनीही दोन-तीन पोशाख करून घेतले. पुतणीच्या हट्टापायी मोबाइलवरचं चित्र दाखवून त्यांनी हिरवाही शिवून घेतला. कारागिरानं बरंच जमवलं होतं. तोंड तेवढं जरा जास्तच उघडं झालं, कारण आतल्या माणसाला तिथूनच बाहेर बघायचं असतं. तिथं काळी जाळी लावली होती.

हा हिरवा वर्षभर आजूबाजूच्या दोन तालुक्यांत नाचला. येडगावला नाचला, जुन्नरला नाचला, घोडेगावला एका वाढदिवसात पोरांनी ओढाओढी केली तेव्हा त्याचा उजवा पंजा गेला. पाठीची चेन तुटली. एक दिवस भाऊजी गोणीत भरून त्याला माझ्याकडे घेऊन आले.

"वहिनी, दोन टाके घाला ना. आजून एक सीझन काढू."

मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. बाहुले शिवत नाही, असं सांगायला हवं होतं. पण दिराला नाही कसं म्हणायचं? गोणी उघडली तर आत शिरलेल्या सगळ्या पोरांच्या घामाचा असा भपकारा आला की मी नाकाला पदर लावला. डोकं बाहेर काढलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं. अंगाचा भाग पावडर टाकून दोनदा धुतला. एवढी लांब चेन मिळेना म्हणून पाठीला झबल्याला लावतात तशा नाड्या लावल्या. पंज्याला तसं कापड सापडलं नाही, तेव्हा ती बाही तशीच मोकळी राहिली. तोवर भाऊजींनी नवा बाहुला आणला होता. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. पोरगी खेळंल."

पोरीला मी तो खेळायला दिला नाही. तो माळ्यावर टाकणार होते. पण त्याच हिवाळ्यात आमच्या वस्तीवर बिबट्यानं ठाण मांडलं.

बिबट्या आम्हाला नवा नाही. ऊस आहे तिथं तो आहे, हे आमच्या बोरी गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण आधी तो लांबून दिसायचा, त्याच्या गोष्टी व्हायच्या. त्या हिवाळ्यात तो अंगणात आला. आमची वस्ती गावाबाहेर, आणि चूळ भरायला उठलं तरी उसाची पानं हाताला लागतील इतका ऊस जवळ. दिवेलागणीला आमचा कुत्रा ओट्याखालून उचलला गेला, ओरडलासुद्धा नाही. शेजारचं वासरू गेलं. मग सगळं बदललं. पोरं शाळेत घोळक्यानं जायला लागली, पुढे-मागे काठीवाला माणूस. बायका गवत कापायला गेल्या की एकीनं उभं राहून राखण करायची. वाकलेलं माणूस आणि लहान पोर त्याला आपल्या बेताचं सावज वाटतं. उभ्या, उंच माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही. हे वन खात्याची माणसंही सांगून गेली आणि जाताना पिंजरा लावतो म्हणाली. मी मुलीला परसाकडे नेतानासुद्धा तिला कडेवर घ्यायचे. माझी कंबर मोडून आली, पण तिचे पाय मी जमिनीला लागू देत नव्हते.

माझ्या सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. त्यांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं. आता मेंढरं नाहीत, शेती आहे, पण आबांचं डोकं अजून वाघरीपाशीच असतं. वाघर म्हणजे मेंढरं रात्री कोंडायची जाळी. त्यांनी हिरव्याला तारेवर वाळताना पाहिलं आणि त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"ह्यो कोन?"

"भाऊजींचा बाहुला. वाढदिवसाचा."

"झ्याक हाय की. मानसापरीस मोठा." मग ते ओट्यावर टेकले आणि मला समजावून सांगायला लागले. "आमी वाघरीच्या कोपऱ्याला काठ्या रवायचो, अन् त्यावर आपापली घोंगडी टाकायचो. जनावराला वाटायचं, मानूस बसलाय. लांडगा म्हनू नका, वाघ म्हनू नका, कोन येत न्हवतं. आता माझ्याकडं एकच घोंगडी ऱ्हायली, ती थंडीची मलाच लागती. ह्याला उभा करू."

ते हलकट तोंड मला रोज अंगणातून दिसणार होतं. पण बिबट्यापुढे माझ्या भीतीला कोण विचारतं? नवऱ्यानं बांबूची फुली केली. पायांत पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, ठासून भरली. पोटात कारागिरानं फोमची कडी घातली होती, त्यामुळे पोट आपोआप फुगलेलं राहिलं, आत पोकळ. हिरवा उसाच्या कडेला बांधावर उभा राहिला आणि आमच्या घराकडे बघू लागला. आबांनी त्याला उसाकडे तोंड करून फिरवलं. माझी मुलगी आनंदानं वेडी झाली. तिला वाटलं, तो जपानहून चालत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरव्याच्या पायाशीच पंजांचे ठसे होते. अगदी जवळ. जणू कुणीतरी ओळख करून घ्यायला आलं होतं. आबा गुडघे धरून बसले, बाहुल्याच्या पोटाला नाक लावलं आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"ह्यो तर साबनानं घमघमतोय, बाय. ह्याच्यात मानूस कुटं हाय? घोंगडी धुतलेली नाय चालत. अंगावरची पायजे. अन् जागा बी रोज बदलाय पायजे. एका जागी ऱ्हायला की जनावर त्याला वळखतं."

आता त्याच्यात माणसाचा वास कुणी घालायचा? नवरा पहाटे टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजाराला जायचा. आबांचे गुडघे वाकत नाहीत. धुतला मी होता, तेव्हा ते माझ्याच गळ्यात आलं. ठरलं असं की मी दिवसा बांबू-पाचट काढून तो पोशाख अंगात घालून माझं काम करायचं, आणि उन्हं उतरली की आबांनी तो पुन्हा भरून नव्या जागी उभा करायचा.

मी हिरव्याच्या पोटात बसून ब्लाउज शिवले. थंडीचं ऊबदार वाटायचं, खोटं कशाला बोलू? माप द्यायला आलेली एक म्हातारी दारातच थबकली आणि म्हणाली, "आता बेडकाकडून ब्लाउज शिवायचा का गं माझा?" आम्ही दोघी इतक्या हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. मुलगी अंगणवाडीतून यायच्या आत मी तो काढून ठेवायचे. तिचा हिरवा जिवंत होता, तो मला मोडायचा नव्हता. डोक्याला मात्र मी हात लावला नाही. ते तिथंच, भिंतीकडे तोंड करून.

पण आबा कुठं सोडतात? "जनावर नाक वर करून हुंगतं. डोस्कं बी अंगावरचं लागंल."

एका दुपारी मी अंगणात उभी राहून ते डोकं चढवलं. डोळे गच्च मिटून घेतले होते. आत माझाच श्वास माझ्या तोंडावर येत होता. कान बंद. कोंबड्यांचा आवाज कुठूनतरी पाण्याखालून यावा तसा येत होता. मी डोळे उघडले तेव्हा माझंच अंगण मला काळ्या जाळीतून दिसलं. तुळस, दोरी, पाण्याची टाकी. सगळं माझं, आणि मी त्यातली नव्हे. वाटलं, आता कुणी माझ्याकडे बघितलं तर त्यांना मी दिसणार नाही, ते तोंड दिसेल. डोकं उपटून फेकायला मी हात वर केला, तेवढ्यात फाटकात मुलगी उभी दिसली.

अंगणवाडी लवकर सुटली होती. मदतनीस बाई तिला फाटकापर्यंत सोडून पुढे गेली होती. मुलगी एकटी उभी होती, दप्तर पाठीला, आणि माझ्याकडे टक लावून बघत होती.

माझा हात डोक्याला लागलेला. मुखवटा उचलला, की आतून तिच्या आईचा घामेजलेला चेहरा बाहेर येणार. मला तो काळा मुखवटा आठवला, वडील आठवले, ताप आठवला. मी हात खाली घेतला नाही आणि डोकंही काढलं नाही. हात तसाच वर होता, तो मी सावकाश हलवला. एकदा, दोनदा, जपानमधला हलवतो तसा. मुलीनंही हात केला. मग मी उलट्या पावली गोठ्यामागे गेले आणि ते सगळं अंगातून ओरबाडून काढलं. मी घामानं चिंब झाले होते.

संध्याकाळी तिनं बापाला सांगितलं, "पप्पा, हिरव्यानं मला हात केला." तो म्हणाला, "आसं व्हय? शाब्बास." ती माझ्याकडे बघून गालात हसली. मी पोळीचं पीठ मळत होते. तिच्या हसण्याकडे मी फारसं लक्ष दिलं नाही.

त्यानंतर थोडे दिवस खरंच ठसे दिसले नाहीत. आबांची मान ताठ झाली. वस्तीवरची दोन-चार माणसं बाहुला बघून गेली. आबा रोज उन्हं उतरता उतरता हिरव्याला खांद्यावर टाकून न्यायचे, कधी बांधावर, कधी विहिरीपाशी, कधी ओढ्याच्या कोपऱ्यात. मुलगी रोज विचारायची, "आज हिरवा कुठं गेला?" आम्हाला त्यात कौतुक वाटायचं.

त्या दिवशी डेअरीवर दूध घालायला नवरा जाणार होता, पण त्याची गाडी बाजारातच बंद पडली. मी किटली उचलली. मुलीला आबांपाशी ओट्यावर बसवलं, हातात मोबाइल दिला आणि "हलायचं नाही" म्हणून दटावलं. आबांना म्हटलं, "हिच्यावरची नजर काढू नका." डेअरीवर रांग होती. परत येताना सूर्य डोंगराआड गेला होता, पण उजेड होता. तो फसवा उजेड असतो. लांबचं सगळं दिसतं आणि जवळचं ओळखू येत नाही.

ओट्यावर मोबाइल पडला होता. पडदा काळा. आबा गोठ्यात शेळ्या बांधत होते.

"पोरगी कुठंय?"

"हितंच तर हाय." ते बाहेर आले आणि ओट्याकडे बघत राहिले. "आत्ता व्हती गं. आत्ता."

घरात बघितलं, माळ्यावर बघितलं, पाण्याच्या टाकीत डोकावले. टाकीत वाकले तेव्हा मनात आलं, देवा, इथंच असू दे, म्हणजे निदान हाताला लागेल. आई असून असा विचार मनात आला. मग अंगणाच्या टोकाला गेले आणि कोपऱ्याकडे बघितलं. आबांनी त्या दिवशी हिरव्याला ओढ्याच्या अंगाला उभा केला होता, घरापासून सगळ्यात लांब.

हिरवा उभा होता. त्याच्यापासून थोड्याच अंतरावर, बांधावर, तो बसला होता.

मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलं होतं, मोबाइलवर पाहिलं होतं. पण तो असा बसलेला असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. दारातला कुत्रा भाकरीची वाट बघत बसतो तसा, शेपूट पायाशी घेऊन, निवांत. त्याची नजर हिरव्यावर होती. मी शोधत होते ती एक छोटी चप्पल, एखादी रिबीन. काही दिसत नव्हतं. मी मनात म्हणाले, संपलं.

आणि मग हिरव्याचा उजवा हात वर झाला.

सावकाश. पंजा गेलेल्या त्या मोकळ्या बाहीतून एक लहान हात बाहेर आला आणि हलला. एकदा, दोनदा. बिबट्यानं मान तिरकी केली.

ती आत होती. माझ्या तोंडात तिची हाक आली होती, अगदी ओठांवर, आणि मी ती दातांनी अडवली. मी हाक मारली की ती बाहेर येणार. नाड्यांतून खाली उतरणार आणि त्याच्यासमोर वीतभर होऊन उभी राहणार. आत होती तोवर ती माणसापेक्षा मोठी होती. जगातल्या कुठल्या आईला असं वाटलं असेल की आपली मुलगी त्या भयंकर तोंडाच्या आतच राहू दे? मी ओठ चावून गप्प राहिले. रक्ताची चव लागली. आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नव्हते, पुढे कधी घाबरेन असं वाटत नाही.

मी चालायला लागले. पळाले नाही. वाकायचं नाही, पळायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. किटलीचं झाकण काढून किटलीवर आपटायला लागले. ठण्ण, ठण्ण. त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, काहीच नव्हतं. मी दोन्ही हात वर धरून, किटली डोक्यावर घेऊन आणखी पुढे गेले. मनातल्या मनात मी तिला सांगत होते, हलू नकोस, बाळा, हात आत घे, बाहेर येऊ नकोस. मागून आबांचा आवाज आला. मेंढरांमागं घालतात ती लांबलचक आरोळी, त्यांच्या म्हाताऱ्या छातीत एवढा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. बिबट्या उठला. घाई केली नाही. अंग ताणलं आणि उसात शिरला. पानं हलली, मग हलायची थांबली.

मी पळाले ते तेव्हा. पाठीच्या खालच्या नाड्या सुटलेल्या होत्या. आत बांबूच्या आडव्या काठीवर, फोमच्या कडीत पाय दुमडून ती बसली होती. अंग गरम, डोळे पेंगुळलेले. मला बघून म्हणाली, "आलीस?" आणि माझ्या गळ्यात पडली. तिनं बिबट्या पाहिलाच नव्हता. आतून तिला फक्त बाहीएवढं बाहेरचं दिसत होतं. मी तिला छातीशी धरून तशीच खाली बसले, आणि आबा ओरडले, "बसू नगं! उठ! उभी ऱ्हा!"

नंतर घरात जे व्हायचं ते झालं. भाऊजी आले, शेजारी आले. कुणी म्हणालं, बाहुल्यानं पोरीला वाचवलं. नवरा म्हणाला, बाहुल्यानंच तिला तिथं नेलं. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून भांडण मिटेना.

"आबा, तुमची युक्ती मेंढरांसाठी व्हती," नवरा म्हणाला. "मेंढरं घोंगडीच्या आत जाऊन बसत न्हाईत."

त्या दिवशी आबा जेवले नाहीत आणि पुढचे काही दिवस मुलीला जवळ घ्यायलाही धजले नाहीत. लांबूनच बघायचे. मला ते बघवेना. शेवटी मीच तिला उचलून त्यांच्या मांडीवर नेऊन बसवलं. वन खात्यानं पिंजरा लावला. त्यात अजून काही सापडलेलं नाही. हिरव्याचं डोकं भाऊजी घेऊन गेले. अंगाचा पोशाख मी शिवणयंत्राखाली दडपून ठेवला. धुवायला काढवत नव्हता आणि जाळायला जीव होत नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी मी अंगणात उन्हाला बसून तिच्या डोक्याला तेल लावत होते. इतके दिवस कुणी तिला नीट विचारलंच नव्हतं. आम्ही सगळे तिला फक्त दटावत होतो. तिनं आपण होऊन विचारलं.

"मम्मी, तू हिरव्यातून कधी बाहेर गेलीस?"

"मी कुठं होते आत?"

"व्हतीस की. तू मला हात केला ना. तुझ्या बांगड्या दिसल्या."

माझा हात तिच्या केसांत थांबला. मोकळी बाही, हिरव्या बांगड्या. तिला त्या दुपारपासूनच माहीत होतं. तिचा हिरवा मी मोडेन, ती घाबरेल, म्हणून मी त्या डोक्यात जीव मुठीत धरून उभी होते, आणि ती फाटकातून आपल्या आईलाच हात करत होती.

"मग त्या दिवशी तू त्याच्यात कशाला गेलीस?"

"तू घरी नव्हतीस. हिरवा तिकडं उभा व्हता. मी म्हटलं, तू तिकडंच असशील." ती तळहातावर तेलाचा ठिपका फिरवत होती. "मी लई हाका मारल्या. तू बोललीच नाहीस. मग मी मागून नाड्या सोडल्या. आत तू नव्हतीस. पण वास तुझाच येत व्हता. म्हणून बसले."

"भीती नाही वाटली?"

"तुझा वास व्हता ना," ती म्हणाली.

मी तिची वेणी घातली. वेणी वाकडी झाली, ती रागावली. वडिलांची आठवण आली. मुखवट्याआडच्या आपल्या माणसाला मी ओळखलं नव्हतं, आणि हिनं मी नसतानाही मला ओळखलं. याचा आनंद व्हायला हवा, हे मला कळतं. होतोही. पण त्याच्या मागोमाग भीती येते, आणि ती आता जात नाही. जनावर येऊ नये म्हणून माझा वास आम्ही उसाच्या काठावर नेऊन ठेवला, आणि तो वास धरून माझी मुलगी गेली. जिथं जिथं माझं काही पडलेलं असेल तिथं तिथं ती अशीच जाईल, हाक मारील, मी आत नसले तरी बसून राहील.

हल्ली उन्हं उतरायला लागली की मी आधी उसाकडच्या तारेवरची माझी साडी काढते. परकर, ओढणी, बांधावर विसरलेला डोक्याचा रुमाल, सगळं गोळा करून घरात आणते. मग देवापुढे दिवा लावते.